बैलाची चाल

माझ्या गाडीला कुणी ढकलगाडी म्हटलं की माझं डोकं फिरतं. आजही फिरतं. तीनचाकी म्हणा, अपंगाची सायकल म्हणा, मला काही वाटत नाही. पण ढकलगाडी केळीवाल्याची असते, भाजीवाल्याची असते. माझी गाडी मी चालवते. छातीसमोर पायडल आहे, ते दोन्ही हातांनी फिरवायचं, चेन खाली पुढच्या चाकाला, आणि तोच दांडा वळवला की गाडी वळते. पोलिओनं पाय गेले तेव्हा मी दीड वर्षाची होते. तेव्हापासून जे काय केलं ते या दोन हातांनी केलं. माझे दंड बघून गावातली गडीमाणसं ओशाळतात. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

आमचं गाव धारूरच्या डोंगराच्या पायथ्याला. गावात बायकांची दूध सोसायटी होती आणि मी तिची टेस्टर. बीडला जाऊन ट्रेनिंग केलं, परीक्षा दिली, मग ही जागा मिळाली. रोज सकाळी बाया किटल्या घेऊन रांगेला लागायच्या. मी नमुना घ्यायची, लॅक्टोमीटर बुडवून दुधाची डिग्री बघायची, फॅट काढायची. सख्खी मावशी असो नाही तर सरपंचाची बायको, दुधात पाणी असलं की मी मोठ्यानं सांगायची. त्यामुळे बाया मला घाबरून होत्या आणि त्याचमुळे त्यांना माझा भरवसाही होता. गावात लोक मला कुणाची तरी पांगळी पोरगी म्हणून ओळखायचे ते बंद होऊन टेस्टरबाई म्हणायला लागले, ते या जागेमुळे.

मग ते दुष्काळाचं साल आलं. होळीच्या आधीच विहिरी तळाला गेल्या, कडबा संपला, आणि वरच्या माळावर जनावरांची छावणी उघडली. गावातल्या गाई-म्हशी वर गेल्या. गाई वर म्हणून बाया वर, आणि बाया वर म्हणून दूधही वर. धारूरहून येणारा डेअरीचा टेम्पो आता थेट छावणीवर जायला लागला. छावणी आणि गाव यांच्या मधे खडीचा चढ होता. बैलगाडी सुद्धा तिथं एकदा थांबून दम खायची.

पहिल्या दिवशी दोघीजणींनी मला मागून ढकलत वर नेलं. मी पायडल मारतच होते, पण अर्ध्यात हात भरून आले आणि पुढचं सगळं त्यांनीच रेटून नेलं. वर पोचलो तर रांगेतली एक ओरडली, “आली गं बाई आपली ढकलगाडी!” सगळ्या खदखदून हसल्या. मीही हसले. घरी आले आणि आईनं वाढलेलं ताट परत केलं.

त्याच आठवड्यात मीटिंग झाली. आमच्या चेअरमनबाई नात्यानं माझ्या चुलत काकू, पण सोसायटीत नातं आणायचं नाही हा त्यांचा कायदा. त्या सरळ म्हणाल्या, “हे बघ, दोन बायांनी धारा सोडून रोज तुला वर आणायचं, हे जमायचं न्हाई. पुढल्या महिन्याच्या मीटिंगपर्यंत माझा भाचा बघंल टेस्टिंग. तवर तू तुझी तू यायला लागलीस तर जागा तुझी. न्हाई तर त्यालाच कायम करावं लागंल. मागनं बोलायच्या ऐवजी तोंडावर बोलते.”

मला राग आला, आणि जास्त राग याचा आला की काकूंचं काहीच चुकत नव्हतं. माझ्या तोंडाला लगाम नाही. मी म्हणाले, “पुढल्या मीटिंगला माझी मी येते. अन् त्या दिवशी माझ्या गाडीला कुणी हात लावला तर तो हात जागेवर ऱ्हाणार न्हाई, सांगून ठिवते.” बोलून तर बसले.

दुसऱ्या दिवशी छावणीवरून परतणाऱ्या टेम्पोवाल्यानं मला आणि गाडीला भरलेल्या कॅनांच्या शेजारी चढवलं आणि धारूरला किल्ल्याच्या रस्त्यावर उतरवलं. तिथं एका चाचाचं सायकलचं जुनं दुकान होतं. माझी गाडी पहिल्यापासून त्यांच्याच हातची. तोंडानं फटकळ म्हातारा, म्हणून आमचं जमायचं.

“चाचा, मला चढ चढायचाय.”

“मग मोटर बसव.”

“मोटर न्हाई. हातानं.”

“कावून?”

“मोटर बसवली तर म्हणतील मोटरनं आणली. मला मी आणायचीय.”

“लई माजोरी हायस बघ तू.”

“हाय.”

चाचा बराच वेळ हसले. मग आत जाऊन बिस्किटाचा एक गंजका डबा घेऊन आले. त्यात तेलकट फडक्यात गुंडाळलेली एक हब होती, म्हणजे चाकाच्या मधोमध असतो तो तुंबा. पण नेहमीच्या हबपेक्षा ही चांगली गलेलठ्ठ. कुण्या डॉक्टरची विलायती सायकल भंगारात गेली होती, तिची ही चाचांनी काढून ठेवलेली. “हिच्या पोटात गेर हायत,” चाचा म्हणाले. “भाईरून काय दिसत न्हाई, सगळं आत. तीन चाली. बैलाची, माणसाची, अन् घोड्याची. तुला बैल पायजे.”

मला वाटलं, झालं, आता चाचा बसवतील आणि मी चार दिवसांनी घेऊन जाईन. तर चाचांनी पाना माझ्याच हातात दिला. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. मोठी कामं अजून हातानं चाचपून करायचे, पण बारीक काम त्यांनी सोडलं होतं. “मी सांगतो, तू कर,” म्हणाले. “तुझे पाय न्हाईत, माझे डोळे न्हाईत. दोघांनी मिळून एक गिऱ्हाईक तरी नीट धाडू.”

“गिऱ्हाईक मीच हाय, चाचा.”

“मग बिघडलं तरी बोंबलणारं कुणी न्हाई.”

पुढचे नऊ-दहा दिवस मी सकाळच्या टेम्पोनं जायची आणि संध्याकाळी मिळेल त्या गाडीनं परत यायची. पहिल्यांदा हब उघडली तेव्हा मी बघतच राहिले. मधे एक दातेरी चकरी, ती जागची हलत नाही. तिच्याभोवती चार लहान चकऱ्या, घाण्याभोवती बैल फिरावा तशा फिरणाऱ्या. त्यांच्या बाहेरून एक दातेरी कडं. आणि सगळ्यात बाहेर बारीक बारीक खटके, ते ज्या जागी अडकतात ती चाल लागते. एवढासा तुंबा, आणि आत केवढा संसार! दहा वेळा खोलून दहा वेळा जोडायला लावली चाचांनी. चुकलं की “परत” एवढंच म्हणायचे.

अडचणी म्हणाल तर रोज एक. माझ्या पुढच्या चाकाची रिम बत्तीस भोकांची आणि ही हब चाळीस भोकांची. चाळीस भोकांची रिम आणली तर चाकाच्या तारा लांब पडायला लागल्या, कारण हब जाड. मग चाळीसच्या चाळीस तारा कापून त्यांना नव्यानं आटे पाडले. चाक धरणाऱ्या चिमट्यात हब बसेना, तर चिमटा तापवून फाकवला. तारा भरून चाक तयार झालं तेव्हा ते दारुड्यासारखं डुलत होतं. एकेक तार आवळत ते सरळ करायचं, त्याला आऊट काढणं म्हणतात. चाचा चाकाशेजारी अंगठ्याचं नख धरून बसायचे. रिम नखाला घासली की “इथं ढिली कर” म्हणायचे. पावणेदोन दिवस लागले मला, पण शेवटी चाक फिरत राहिलं आणि चाचांच्या नखाला कुठंच लागलं नाही. त्यांनी नख तसंच धरून ठेवलं, चाक पुन्हा फिरवलं, आणि म्हणाले, “माझ्या हातानं पण असा आऊट निघाला नसता.” मी अजूनही हे वाक्य लोकांना सांगते. तुम्हालाही सांगितलं.

चाल बदलायला एका लोखंडी पट्टीला तीन खाचा पाडून त्यात अडकणारी एक मूठ केली आणि तिच्यापासून तार हबपर्यंत नेली. चाचांनी शिकवलं, “माणसाच्या चालीत टिक टिक वाजंल. घोड्याच्या चालीत जास्तच वाजंल. बैलाच्या चालीत आवाज येनार न्हाई. बैल वढताना बोलत न्हाई, ध्यानात ठिव. अन् माणूस अन् घोडा यांच्या मधी भूत ऱ्हातं. तिथं मूठ ठिवली तर पायडल फिरंल पण गाडी जानार न्हाई.” निघताना अजून एक म्हणाले, “तिला तेल पाजत जा. दोन थेंब रोज. तेलावर जगती ती.”

आता चढ. मूठ बैलावर टाकली की पायडल हलकं व्हायचं आणि गाडी मुंगीच्या पावलानं का होईना, वर सरकायची. पण हात तर माझेच होते. रोज उन्हं उतरली की मी चढाला लागायची आणि जिथं दम सुटेल तिथं दगडाला चुन्याचा ठिपका द्यायची. पहिला ठिपका पायथ्यापासून दहा पावलांवर. तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. काखेत आग पडायची. आई संध्याकाळी दंड चोळून द्यायची आणि तोंडानं मला शिव्या द्यायची. पण ठिपके वर चालले होते. अर्ध्याच्या पुढं गेले तेव्हा छावणीतल्या बाया काठावर येऊन बघायला लागल्या. ढकलगाडी म्हणायचं बंद झालं होतं, पण अजून दुसरं काही म्हणतही नव्हत्या.

घरी आले की हबला असलेलं बारीक बूच उघडून मी तेल पाजायची. दोन थेंब कशाला, मी चांगलं चमचाभर घालायची. त्या साली आमच्या भाजीत तेलाचा नुसता वास असायचा, पण आईनं गाडीसाठी वाटीत वेगळं काढून ठेवलेलं असायचं. घरात कमी पडलं तरी चालेल, गाडीला पडायला नको, असं आमचं दोघींचं ठरलं होतं.

मीटिंगला तीन दिवस राहिले. शेवटचा ठिपका माथ्यापासून हाकेच्या अंतरावर होता. त्या दिवशी मी तो ओलांडलाही, आणि तेवढ्यात हबमधे काहीतरी सुटल्यासारखं झालं. पायडल एकदम मोकळं फिरलं. मूठ बैलावरच होती, पण बैल काही लागेना. गाडी मागं निघाली. ब्रेक दाबला, तो खडीवर नुसता घासत राहिला. मी दांडा पिळला, गाडी बांधावर आदळली आणि मी गाडीसकट आडवी. कोपर सोलून निघालं. काकूंचा भाचा आणि दोघंजण पळत आले, गाडी उभी केली, मला बसवलं आणि घरापर्यंत ढकलत आणलं. सगळ्या गावातून.

संध्याकाळी काकू स्वतः आल्या. माझ्या कोपराकडं बघून म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे पोरी. जिवापरीस मोठं काय हाय? मी काय तरी दुसरं काम बघते तुझ्यासाठी.” त्या प्रेमानं बोलत होत्या. भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या गेल्यावर मी उशीत तोंड घालून रडले. दुखलं म्हणून नाही. मला माझ्या जागेवरून उठवत होते, आणि ते सुद्धा गोड बोलून, म्हणून रडले.

सकाळी उठले ती चाचावर चिडूनच. फोन लावला.

“चाचा, तुमच्या बैलानं दगा दिला!”

सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग विचारलं, “तेल पाजत होतीस का?”

“पाजत होते म्हंजे? चमचा चमचा!”

“कंचं तेल?”

“कंचं म्हंजे? तेल. घरातलं, करडईचं. चांगलं घाण्यावरचं.”

पलीकडं चाचा असे हसले की मी फोन कानापासून लांब धरला. “या अल्ला! अगं, फोडणी दिलीस काय हबला? मशीनचं तेल, बाई, मशीनचं! करडईचं तेल उन्हानं चिकट हुतंय, त्याचा डिंक झाला असंल आत. खटके चिकटले तुझे!”

आता यात माझी काय चूक? आमच्याकडं नुसतं तेल म्हटलं की ते करडईचंच. दुसरं काही असेल तर त्याचं नाव घेतात, खोबरेल, रॉकेल, एरंडेल. चाचा नुसतं तेल म्हणाले, मी तेल पाजलं. हे मी त्यांना ऐकवलं. ते म्हणाले, “बरं, माझी चूक. आता रडत बसू नको. दहा येळा खोलायला कशासाठी लावली होती?”

दुपारी ओट्यावर जुनं धोतर अंथरलं आणि चाक सोडवून हब खोलली. आत बघितलं आणि मलाच हसू आलं. पिवळा, चिकट, तळणीच्या कढईच्या बुडाला बसतो तसा थर. खटके त्यात रुतून बसलेले. रॉकेलनं एकेक चकरी धुतली. शेजारच्या शिवणवालीकडून मशीनच्या तेलाची बाटली आणली. सगळं जोडत आणलं आणि एका खटक्याची केसाएवढी स्प्रिंग उडाली. गेली! मी ओटा चाचपला, धोतर झटकलं, चार शिव्या घातल्या. आई म्हणाली, “तू हलू नको.” तिनं ओट्यावर हात न फिरवता नुसती नजर फिरवली, ज्वारी निवडताना फिरवते तशी, आणि उंबऱ्याच्या फटीतून दोन बोटांनी ती स्प्रिंग उचलून माझ्या तळहातावर ठेवली. त्या घडीला मला आईच्या पाया पडावंसं वाटलं. मी नुसतं “हां, हीच” म्हणाले.

मीटिंगच्या दिवशी सकाळी माझी स्वतःची टेस्टिंगची पेटी गाडीच्या मागं बांधली आणि पायथ्याला आले. वर काठावर सगळी छावणी उभी होती. टेम्पोही येऊन थांबलेला. मी मूठ बैलावर टाकली आणि निघाले. इकडं तिकडं बघितलं नाही. नुसते ठिपके मोजत गेले. अर्ध्यात आल्यावर एक बाई न राहवून खाली आली आणि तिनं मागं हात घातला. “काढ हात!” मी एवढ्या जोरात ओरडले की वर एक वासरू उधळलं म्हणे. तिनं हात काढला, पण मागं मागं चालत राहिली. जिथं पडले होते तो बांध आला. तिथं मी मुठीकडं दोनदा बघितलं, खोटं कशाला बोलू. पण बैल सुटला नाही.

वर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. चाचा टेम्पोत बसून आले होते, मला न सांगता. त्यांना दिसत तर काही नव्हतं. ते टेम्पोवाल्याला म्हणाले, “बंद कर रे ते इंजन. मला ऐकू दे.” इंजन बंद झालं. कुणीतरी म्हणालं, काहीच आवाज येत नाही, थांबली वाटतं ती. चाचा म्हणाले, “थांबली न्हाई. बैल वढताना बोलत न्हाई.”

शेवटचा ठिपका मागं गेला. मग माझी लाल ओढणी दगडावरून दिसली म्हणे, मग मी, मग गाडी. माथ्यावर सपाटीला लागले आणि मी मूठ माणसावर टाकली. टिक टिक टिक टिक. चाचांनी मान वर केली. “आली,” म्हणाले, आणि डोळ्यांना उपरणं लावलं. मोतीबिंदूनं पाणी येतं असं नंतर सांगत होते.

मी टेबलाजवळ गाडी लावली, पेटी सोडली. काकूंच्या भाच्यानं लॅक्टोमीटर गुपचूप माझ्या हातात दिला आणि बाजूला झाला. पहिली किटली काकूंनीच पुढं केली. मी डिग्री बघितली आणि मोठ्यानं सांगितली, नेहमीसारखी.

दूध भरून झालं आणि टेम्पोवाल्यानं किल्ली फिरवली. टेम्पो नुसता कण्हला. चाचासाठी इंजन बंद केलेलं, बॅटरी आधीच मेलेली, आता चालू होईना. दुधानं भरलेला टेम्पो उन्हात ठेवून कसं चालेल? सगळ्या बाया पदर खोचून मागं लागल्या. काकू सगळ्यात पुढं, दोन्ही हात टेम्पोला लावून. मी माझ्या गाडीत आरामात टेकून बसले होते. मला काही तो मोका सोडवेना.

“ढकला गं बायांनो, ढकला!” मी ओरडले. “ढकलगाडी हाय ती!”

आधी एकीला हसू फुटलं, मग सगळ्यांना. हसत हसतच त्यांनी टेम्पो ढकलला आणि उतारावर तो चालू झाला. चाचा आतून हात हलवत गेले, भलत्याच दिशेला.

काकू धापा टाकत माझ्याकडं आल्या. पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार.

“झालं का समाधान?” त्या म्हणाल्या.

“झालं.”

“मग उद्या साडेसहाला. भाच्याला मी आजच बीडला लावून देते. अन् उशीर केलास तर नात्याचं ऐकून घेनार न्हाई.”